विंचवाचं बिऱ्हाड : कार्गो ट्रेलरचा कॅम्पर केला, पण पत्र्याला घाम फुटतोय

भटका_सुतार
१४ ऑक्टोबर, रात्री ९.४०

ट्रेलर म्हटलं की निम्म्या लोकांना सिनेमाचा आठवेल, म्हणून आधीच सांगतो. हा गाडीमागे ओढायचा पत्र्याचा बंद डबा आहे. इथे अमेरिकेत गवत कापणारे, रंगारी, लग्नात वाजवणारे बँडवाले असले डबे मागे लावून फिरतात. माझा सहा फूट रुंद, बारा फूट लांब, एकच ॲक्सल (म्हणजे चाकांची एकच जोडी), आत सव्वासहा फूट उंची. दीड वर्षापूर्वी एका रंगाऱ्याकडून ३,४०० डॉलरला घेतला. आत पांढऱ्या रंगाचे ओघळ होते, ते अजून काही ठिकाणी आहेत.

तयार कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेला डबा, का नाही घेतला? मी मिशिगनमध्ये कलामाझूजवळ राहतो. तासाभरावर इंडियानातलं एल्कहार्ट आहे, अमेरिकेतले बहुतेक कॅम्पर त्याच परिसरात बनतात. तिथल्या दोन-चार यार्डांत फिरलो. जुन्या कॅम्परचा कोपरा अंगठ्याने दाबला तर अंगठा आत जायचा. छताच्या कडेतून पाणी शिरतं, आतली लाकडी चौकट कुजते आणि बाहेरून काही दिसत नाही. कार्गो ट्रेलरचा सांगाडा लोखंडाचा, कुजायला फारसं काही नाही. त्या परिसरात कारखान्यांतून उरलेल्या मालाची दुकानंही आहेत, खिडक्या, बिजागऱ्या, नळ मिळेल त्या भावात मिळतात. माझ्या दोन्ही खिडक्या तिथल्याच, एकीच्या काचेवर चरा आहे म्हणून अर्ध्या किमतीत.

काम सुरू करण्याआधी एकच शहाणपणा केला. रिकाम्या ट्रेलरमध्ये जमिनीवर रंगाऱ्याची निळी टेप लावून पलंग, ओटा, बसायची जागा आखली आणि घरासमोरच दोन रात्री झोपलो. बायको म्हणाली, शेजारी विचारतील भांडण झालं का. पण कागदावर छान दिसणारा आडवा पलंग तिथेच रद्द झाला. भिंतींना अस्तर लावल्यावर आतली रुंदी साडेपाच फुटांच्या आसपास उरते आणि मी पाच फूट दहा इंच. पाय दुमडून आठवडाभर झोपायचं वय गेलं.

पत्र्याला पहिलं भोक पाडायला मात्र दोन शनिवार लागले. पहिला शनिवार नुसता हातात जिगसॉ घेऊन उभा होतो. छताच्या पंख्यासाठी १४ बाय १४ इंचांचा चौकोन कापायचा, हे माप इथे सगळीकडे ठरलेलं आहे. आतून चौकट बसवायची, बाहेरून ब्यूटिलची टेप आणि वरून आपोआप पसरणारा लॅप सीलंट. छतावर साधं सिलिकोन वापरू नका. ते सुटतं, आणि नंतर त्यावर दुसरं काहीही चिकटत नाही.

भिंतींत लोखंडी बरगड्या आहेत, दर सोळा इंचांवर एक, इंचभर खोल. बरगड्यांच्या मधल्या जागेत इंचभर जाडीचे पॉलिआयसोचे फोमबोर्ड कापून बसवले, फटी स्प्रेफोमने बुजवल्या, वरून पातळ प्लाय ठोकला. छतालाही तेच. मला वाटलं, झालं.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं आणि आठ वर्षांची मुलगी मॅकिनॉ पूल ओलांडून वर, लेक सुपिरिअरच्या काठी गेलो होतो. पिक्चर्ड रॉक्सच्या जवळ, सरकारी जंगलातला साधा कॅम्पग्राउंड, हातपंप आणि खड्ड्याचा संडास. पानगळीचे रंग असे की बोलायची सोय नाही. रात्री पारा शून्याच्या जवळ गेला. पहाटे चार वाजता कपाळावर थेंब पडला. टॉर्च लावून पाहिलं तर छताच्या प्लायवर दर सोळा इंचांवर एक ओली पट्टी, जणू आखणी केलीय. गादी उचलली तर खालचा प्लाय भिजलेला. घरी येऊन पाहतोय तर गादीच्या पोटाला काळे ठिपके. म्हणजे ही एका रात्रीची गोष्ट नाही, उन्हाळ्यापासून चाललंय.

आता काय करू? सगळं उचकटायची तयारी आहे, फक्त दुसऱ्यांदा चुकायची नाही.

फोटो_कुठाय
१४ ऑक्टोबर, रात्री १०.०५

नावच सांगतंय.

राईनकाठी
१५ ऑक्टोबर, सकाळी ११.२०

तुमच्या ओल्या पट्ट्यांनीच उत्तर दिलंय. फोमपेक्षा लोखंडातून उष्णता हजारपटीहून सहज जाते. मधल्या जागा तुम्ही छान बुजवल्यात, पण बरगडी बाहेरच्या पत्र्याला चिकटलेली आणि आतल्या प्लायलाही. म्हणजे दर सोळा इंचांवर थंडीला रस्ताच करून दिलात. आतली दमट हवा त्या पट्टीशी येते आणि तिथे पाणी धरते. मी इथे जर्मनीत जुन्या इमारतींचं ऊर्जा-ऑडिट करते, रोज हेच बघते. फक्त इमारतीला चाकं नसतात.

उपाय दोन. एक, बरगड्यांच्या वरून अखंड फोमचा थर, अर्धा इंच का होईना, आणि मग प्लाय. प्लाय फोममधून लांब स्क्रूने बसवा. स्क्रूंमधूनही थोडी थंडी येईल, तेवढी चालते.

दोन, आणि हा जास्त महत्त्वाचा : हवा. तीन माणसं रात्रभर श्वासावाटे आणि त्वचेवाटे अर्ध्या लिटरपेक्षा जास्त पाणी सहज सोडतात. ते जाणार कुठे? इकडे घरभाड्याच्या करारातसुद्धा दिवसातून अमुक वेळा खिडक्या सताड उघडा असं लिहिलेलं असतं. आल्या-आल्या मला हसू यायचं. पहिल्या हिवाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीवर बुरशी आली आणि हसू गेलं. पंखा रात्री चालू होता का?

भटका_सुतार
१५ ऑक्टोबर, सकाळी ११.५५

थंडी वाजते म्हणून पंखा बंद, झाकण बंद, खिडक्या बंद. वर मुलीचा ओला जॅकेट आत वाळत घातलेला.

हो, माहितेय.

आळशी_बोका
१५ ऑक्टोबर, दुपारी २.१०

विषयांतर करतो, पण एकूण खर्च किती झाला? कारण मोटेलची खोली शंभर डॉलरला धरली तर सात हजारात सत्तर रात्री कोरड्या गादीवर, छतावर कोणी भोक पाडायला सांगत नाही, आणि सकाळी वॉफल फुकट.

भटका_सुतार
१५ ऑक्टोबर, रात्री ९.१५

बोकोबा, ७,१०० झाले ट्रेलर धरून, तुमचा अंदाज वाईट नाही. बॅटरी आणि बारा व्होल्टचा फ्रिज यांनीच मोठा घास घेतला. शिवाय गाडीचं मायलेज गॅलनला २४ मैलांवरून १५ वर येतं ते वेगळं, कारण हा डबा म्हणजे वाऱ्यासमोर धरलेलं कपाट. हिशोबात तुम्ही जिंकलात. पण मला सुतारकामाची खाज आहे, तिचा खर्च मोटेलच्या बिलात कुठे धरू?

शिवारातला_मिस्त्री
१५ ऑक्टोबर, रात्री ११.३०

दादा, मी कागलजवळ फॅब्रिकेशन करतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, डंपिंग, पाण्याचे टँकर. तुमचं वाचून मजा वाटली. आमच्याकडे ऊसतोडीची टोळी दिवाळीच्या सुमारास येते ती ट्रॅक्टर-ट्रॉलीत अख्खा संसार घालूनच. भांडी, शेळ्या, पोरं, कोपीचे बांबू. त्याला कोणी कॅम्पिंग म्हणत नाही.

एक सांगा, वजन कुठं टाकलंय? ट्रॉलीत ऊस मागं जास्त भरला की हुकाचं तोंड वर उचलतं आणि ट्रॅक्टर पुढं ढकलला जातो. तुमचा तर एकच ॲक्सल आहे.

भटका_सुतार
१६ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

मिस्त्री, तुम्ही बरोबर दुखऱ्या दातावर बोट ठेवलंत. हा किस्सा मी मुद्दाम गाळला होता.

पहिल्या वेळी ओटा, पाण्याचे दोन सात-गॅलनचे कॅन, बॅटरी, फ्रिज सगळं मागच्या दाराशी होतं, कारण मागचं दार उघडून बाहेर उभं राहून स्वयंपाक करायचा होता. पुढे फक्त पलंग. आय-७५ महामार्गावर ताशी ६५ मैलांवर एक ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. ब्रेक मारला नाही हे नशीब. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. पाच-सहा सेकंद असतील. बायको त्यानंतर वीस मैल एक शब्द बोलली नाही.

घरी येऊन बाथरूमचा वजनकाटा, त्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर ट्रेलरची जीभ, म्हणजे गाडीला जोडायचा पुढचा दांडा, टेकवली. ११० पौंड. ट्रेलर भरलेला २,३४०. म्हणजे पाच टक्केसुद्धा नाही, असायला हवेत दहा ते पंधरा. मग बॅटरी आणि पाणी ॲक्सलच्या पुढे नेलं, फ्रिज मध्ये आणला. आता २८५ पौंड भरतं, सुमारे बारा टक्के. चाल एकदम शहाणी झाली. एकूण वजन महामार्गावरच्या ट्रक-स्टॉपवर कॅट स्केल नावाच्या मोठ्या काट्यावर करून मिळतं, थोडक्या डॉलरांत पावती हातात.

अजून एक गोम. या मापाच्या पुष्कळ ट्रेलरांवर कमाल वजन २,९९० पौंड असं विचित्र लिहिलेलं असतं. ॲक्सल ३,५०० चा असतो, पण अनेक राज्यांत ३,००० च्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, म्हणून कारखानेच तो आकडा जेमतेम खाली ठेवतात. याचा अर्थ ब्रेकची गरज नाही असा नाही. मी नंतर इलेक्ट्रिक ब्रेक बसवून घेतले. गाडी टोयोटा हायलँडर आहे, ५,००० पौंड ओढू शकणारी, तरीही.

वैनगंगा
१६ ऑक्टोबर, दुपारी ४.४०

मला लोखंड-फोममधलं कळत नाही, पण गादीचं कळतं. भंडाऱ्याला आमच्या आजीकडे सगळे बाजेवर झोपायचे. सुंभाने विणलेली, खालून वारा खेळता. फळीवर गादी टाकली की माणसाच्या अंगाचा ओलावा गादीतून उतरतो आणि थंड फळीशी अडकतो. तुमच्या पलंगाला फळी कशाला? बाज विणा.

राईनकाठी
१६ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.०५

वैनगंगाताई, दंडवत. मी दोन परिच्छेदांत जे लिहिणार होते ते तुम्ही एका बाजेत बसवलंत.

टेक्सासी_ठेचा
१६ ऑक्टोबर, रात्री ८.३०

एवढं कशाला? छोटा प्रोपेनचा हीटर मिळतो, एक पौंडाच्या बाटलीवर चालतो. झोपायच्या आधी अर्धा तास लावा, गरम हवेत ओल राहते का?

राईनकाठी
१७ ऑक्टोबर, दुपारी १२.१५

राहते, आणि वाढते. प्रोपेन जळताना त्यातला हायड्रोजन पाणी होऊनच बाहेर पडतो. एक किलो प्रोपेन जाळलं की एक किलो सहाशे ग्रॅमच्या वर पाणी. धूर खोलीत सोडणारा हीटर म्हणजे न दिसणारी किटली. आणि कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न आहेच. बंद डब्यात झोपलेल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही.

टेक्सासी_ठेचा
१७ ऑक्टोबर, रात्री ७.००

हे माहीत नव्हतं. आमच्याकडे थंडी तीन दिवस असते, त्यामुळे कधी कळलं नसावं. माघार.

घरकोंबडी
१७ ऑक्टोबर, रात्री ९.२५

कॅम्पिंगमध्ये शून्य रस, पण एक प्रश्न छळतोय. तो सामानाचा डबा आहे ना? मग त्याची कडी बाहेरून असणार. तुम्ही आत असताना कोणी बाहेरून लावली तर?

भटका_सुतार
१७ ऑक्टोबर, रात्री १०.१०

तुमच्या नावाला शोभत नाही इतका महत्त्वाचा प्रश्न. कोणी कशाला, माझ्या मुलीनेच लावली होती. "दुकान बंद" असा खेळ चालला होता. मी आत स्क्रू पिळतोय, बायको घरात. दहा मिनिटं पत्रा वाजवत होतो. मागची दारंसुद्धा बाहेरच्या दांड्यानेच बंद होतात.

त्याच आठवड्यात बाजूच्या दाराला कॅम्परवालं कुलूप बसवलं, जे आतून केव्हाही उघडतं, आणि बाहेरचा दांडा कापूनच टाकला. शिवाय पलंगाशेजारची खिडकी मुद्दाम मोठी घेतली, आग लागली तर माणूस बाहेर पडेल एवढी. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा असे दोन्ही अलार्म आहेत. विजेचं काम मी स्वतः केलं. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, म्हणजे साधारण १,२८० वॉट-तास. फ्रिज, पंखा, दिवे, फोन मिळून दिवसाला पाचशेच्या आसपास जातात. बॅटरीपासून वीतभरावर मुख्य फ्यूज, त्याशिवाय एकही तार जोडली नाही. सोलरबद्दल लोक तासन्‌तास बोलतात, मला तो या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग वाटला.

शिवारातला_मिस्त्री
१८ ऑक्टोबर, सकाळी ६.४५

दादा, इकडं बोलेरोमागं असं काही करायचं म्हटलं तर? गावात दोघं-तिघं विचारून गेलेत.

कायद्याचं_बोला
१८ ऑक्टोबर, सकाळी १०.३०

मिस्त्री, लोखंडाला हात लावण्याआधी आरटीओत जा. ट्रेलरची नोंदणी वेगळी लागते, आणि नोंदणी झालेल्या वाहनात फेरफार करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. गाडीतच घर केलेल्या मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण घरी जोडलेला डबा रस्त्यावर आणणं ही निराळी गोष्ट. गिऱ्हाइकाला आधी कागद दाखव म्हणा, मग कटर चालू करा.

राईनकाठी
१८ ऑक्टोबर, दुपारी १.००

इकडेही तेच. इथले हौशी लोक पलंग-कपाट काढता-घालता येईल असं करतात, म्हणजे कायद्याच्या लेखी तो माल राहतो आणि ट्रेलर मालाचाच राहतो. ७५० किलोपर्यंत ट्रेलरला ब्रेक लागत नाहीत, पण डबा स्वतःच तीनशे-साडेतीनशे खातो. आणि ट्रेलर मागे असला की ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, एरवी ताशी ८० किलोमीटरचीच मर्यादा. जर्मनीत येऊन ८० ने जायचं, नवरा तयार नाही.

भटका_सुतार
२३ नोव्हेंबर, रात्री ८.२०

अपडेट. सगळा प्लाय उतरवला. बरगड्यांवर गंजाचे ओघळ दिसले, ते घासून रंग दिला. मग राईनकाठी म्हणाल्या तसा अर्ध्या इंचाचा फोम सलग, सांध्यांना फॉइलची टेप, त्यावर पाच मिलिमीटरचा प्लाय. आतली जागा दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच गेली, कळतसुद्धा नाही. वजन चाळीस पौंडांच्या आतच वाढलं.

पलंगाची फळी काढली. बाज विणायला बसलो होतो, खोटं नाही सांगत. पण नवारपट्टी मधोमध झोळी झाली आणि आम्ही दोघं रात्रभर एकमेकांवर घरंगळत होतो. शेवटी पट्ट्या-पट्ट्यांची लाकडी जाळी केली, वर काथ्याची चटई, मग नवी गादी.

डिझेलचा छोटा हीटर बसवला, जो जळायला हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. आत येते ती फक्त गरम, कोरडी हवा. छताचा पंखा सगळ्यात हळू आणि दाराजवळची खिडकी दोन बोटं उघडी, रात्रभर.

घरासमोरच उणे चारमध्ये झोपलो. खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर थोडं पाणी होतं, ते फडक्याने पुसलं. छत कोरडं. बरगड्या कुठे आहेत ते हात फिरवूनसुद्धा कळेना. बॅटरीचं मात्र लक्षात ठेवा, लिथियम शून्याखाली चार्ज करायची नाही, म्हणून ती आता पलंगाखाली उबेत आहे.

वैनगंगा
२३ नोव्हेंबर, रात्री ९.००

नवार दर चार दिवसांनी ताणावी लागते हो. पायथ्याशी दोर सोडायचा असतो त्यासाठी. कोणी सांगितलं नाही ते माझं चुकलं.

फोटो_कुठाय
२४ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

अहो, फोटो.

ओहायोकर
६ एप्रिल, रात्री १०.५०

धागा वर काढतो. तुमच्यामुळे पाच बाय आठचा घेतला. एक विचारायचं होतं, रिव्हर्स कसा घेता? आज मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर झटलो, ट्रेलर उलटाच जातो. मुलं व्हिडिओ काढत होती.

भटका_सुतार
६ एप्रिल, रात्री ११.१०

स्टिअरिंग खालून धरा, घड्याळात सहा वाजतात तिथे. ट्रेलरचं ढुंगण जिकडे न्यायचं तिकडे हात सरकवायचा. डोकं वापरायचं नाही. आणि पाच बाय आठ माझ्या बारा फुटीपेक्षा जास्त त्रास देईल, ट्रेलर जितका आखूड तितका झटकन वळतो. चुकलं की पुढे येऊन सरळ करा, मागेच रेटू नका.

जिभेवरचं वजन केलंत का?

ओहायोकर
९ एप्रिल, संध्याकाळी ६.३०

आज केलं. एकूण १,५२०, जीभ ९५. फ्रिज आणि सगळी खोकी मागे आहेत. उद्या उतरवून पुढे लावतो आणि पुन्हा काट्यावर ठेवतो.

शिवारातला_मिस्त्री
१० एप्रिल, सकाळी ६.१०

दीडशेच्या खाली रस्त्यावर काढू नका भाऊ.